पंप घेऊन नागपूरला

नागपूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, संत्री कुठायत? संत्री आणली नाहीत. बर्फीही आणली नाही. मी तिथे फिरायला गेलोच नव्हतो, माझ्या वर्कशॉपचं पुढे काय होणार ते ठरवून घ्यायला गेलो होतो. तरी जे पाहिलं, खाल्लं आणि ऐकलं ते लिहून ठेवतो आहे. पुन्हा पुन्हा तोंडी सांगत बसायचा आता मला कंटाळा आला आहे.

आधी माझा धंदा सांगतो. कूलरच्या टाकीत तळाशी मुठीएवढा पंप असतो, पाणी वर चढवून खसच्या ताट्यांवर सोडणारा. तो आम्ही करतो. साताऱ्यात कूलर लावणारा माणूस शोधावा लागतो, पण पंप मात्र आमच्याकडून विदर्भात जातात, हा धंद्याचा विनोद आहे. वर्कशॉपात बायका तांब्याची तार गुंडाळतात, दोन माणसं जोडणी करतात, आणि मी सगळ्यांवर ओरडतो. बाहेरून स्वस्त पंप यायला लागले तशी एकेक करून गिऱ्हाइकं गेली. आता एकच मोठं उरलं होतं, नागपूरची एक जुनी कूलर कंपनी. नाव घेत नाही, कारण त्यांच्यावर माझा राग आहे की नाही हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

नागपूरकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका की ऐन मे महिन्यात पंप जाम होतात. मी बरेच दिवस डोकं खपवून एक नवा पंप केला. यात क्षार धरत नाही, आणि धरलाच तर दोन स्क्रू काढून दातांच्या जुन्या ब्रशने साफ करता येतो. दसऱ्याच्या सुमारास कंपनीचं निमंत्रण आलं. अधिकारी, विक्रेते आणि आम्ही माल पुरवणारे, सगळ्यांनी मिळून कंपनीचं पुढचं धोरण ठरवायचं. बाजारात टिकायचं कसं, नवीन काय करायचं. प्रत्येकाने एक कल्पना आणायची आणि सगळ्यात चांगलीला पहिला नंबर. माझ्यापुरता हिशेब सोपा होता. त्यांनी नव्या कूलरमध्ये हा पंप घेतला तर वर्कशॉप चालणार, नाही घेतला तर गुढीपाडव्याला कुलूप.

निघताना सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "गोड बोला. समोरच्याला शिकवायला जाऊ नका." संसार इतकी वर्षं झाला की बायका भाकीत करायला लागतात.

धरमपेठ

डिसेंबरातली नागपूरची थंडी हा प्रकार मला माहीतच नव्हता. कूलरचं गाव म्हणून मी एक पातळ स्वेटर घेऊन गेलो होतो. स्टेशनवर गजभिये न्यायला आले होते. कंपनीचं दुरुस्तीचं सगळं खातं हा माणूस सांभाळतो, आणि फोनवरची आमची ओळख जुनी.

"या जी जाधव साहेब. बम थंडी पडून राहिली. स्वेटर असा काहून घालून आले?"

"नागपूर म्हणजे उकाडा असं वाटलं."

"उकाडा आम्ही पाहुण्याईले मे मधी दाखवतो," ते म्हणाले, आणि सामान ठेवायच्या आधीच मला तर्री-पोहे खायला घेऊन गेले.

आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते आणि लिंबाची फोड बाजूला असते. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पोहे असे बुडवायचेच होते तर मोकळे करायची मेहनत कशाला घेतली, असं मी म्हणालोही. गजभिये नुसते हसले आणि दुसरी प्लेट सांगितली. ती मी संपवली. नाकातून पाणी आलं, थंडी मात्र गेली.

हॉटेल धरमपेठेत होतं, आजूबाजूला कपड्यांची मोठी दुकानं, काचेच्या आतून बाहुल्या बघतायत. खोलीत गेल्या गेल्या मी पंप काढला. प्रवासात काही हललं-बिघडलं तर, ही धास्ती. न्हाणीघरात बादली भरली, पंप आत सोडला आणि खोलीतून तार ओढून चालू केला. पाणी छान चढायला लागलं. मग माझा पाय तारेत अडकला, तारेचा जोड ओल्या फरशीवर पडला आणि आमच्या अख्ख्या मजल्यावरचे दिवे गेले. मॅनेजर धावत आला. बादलीत सोडलेलं ते यंत्र, बाहेर लोंबणारी तार आणि बनियनवरचा मी, हे बघून त्याने सरळ विचारलं, "अंकल, हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, नवनिर्मिती. त्याला ते पटलं नाही. उरलेले दिवस मी बाहेर पडलो की तो माझ्या पिशवीकडे बघायचा.

पारशिवनीच्या पुढे

बैठक शहरात नव्हती. पारशिवनी ओलांडून पेंचच्या जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट आहे, तिथे सगळ्यांना बसने नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचून झालेली. पुढे साग लागला. आमच्याकडे डोंगर नजर अडवतात. इथली जमीन कुठेच थांबत नाही, सरळ जातच राहते. मला ती मोकळीक बघून बरं वाटायला हवं होतं, पण मी पिशवीतला पंप पुन्हा एकदा चाचपून बघितला.

कंपनीचे मालक वसंतराव. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पांढरे केस, पांढरा शर्ट, आणि दारात उभं राहून प्रत्येकाला "नाश्ता झाला का?" विचारणं. हे तिन्ही दिवस चाललं. खरी धावपळ त्यांच्या मुलीची, केतकीची होती. ती बाहेरून व्यवस्थापन शिकून आली आहे आणि ही सगळी बैठक तिनेच मांडलेली. तिने माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली. "जाधव काका, पंप आणला ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलं, हा पंप बघाच म्हणून." त्या एका वाक्यावर मी दिवसभर तरंगत होतो.

आता मोठ्या कंपन्या धोरण कसं ठरवतात, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईहून एक सल्लागार येतात. ते बूट न वाजवता चालतात. भिंतीवर मोठा कागद लावून त्याचे चार चौकोन करतात, बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. मग प्रत्येकाला रंगीत चिकट चिठ्ठ्या देतात आणि मनात येईल ते लिहून भिंतीला लावायला सांगतात. बलस्थानांत सगळ्यांनी 'भाऊ' लिहिलं. उणिवांच्या चौकोनात कोणी काही लावेना, कारण भाऊ समोर बसले होते. शेवटी एकाने 'पार्किंग' अशी चिठ्ठी लावली.

मधल्या टेबलावर दुसऱ्या एका कंपनीचा प्लास्टिकचा कूलर उघडून ठेवला होता. त्याभोवती सगळे वाकून बघत होते. ही जाळी आपल्यासारखीच, हा नळ आपल्याकडून उचलला, ही चाकं आपण उचलू. आपल्या देशात संशोधन म्हणजे शेजाऱ्याचं झाकण उघडणं, असं मी म्हणालो. मुंबईच्या सल्लागारांनी ते हसून चिठ्ठीवर लिहून घेतलं. मला सुनंदाची आठवण झाली आणि मी गप्प बसलो.

दुपारी सल्लागारांनी एक खेळ सांगितला. समजा पाच वर्षांनी ही कंपनी बंद पडली आहे. कशाने बंद पडली ते लिहा, म्हणजे आत्ताच सावध होता येईल. लोकांना मजा वाटली. कोणी लिहिलं एसी स्वस्त झाले, कोणी लिहिलं लोकांना कूलरचं गवत बदलायचा कंटाळा. वाचून दाखवताना हशा चालला होता. भाऊंनी काहीच लिहिलं नाही. "जेवणाचं पाहून येतो," म्हणत ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला असल्या खेळाचा राग आला असेल.

संध्याकाळी माझा नंबर आला. मी काचेच्या टाकीत बोअरचं पाणी भरलं, एका बाजूला त्यांचा आत्ताचा पंप, एका बाजूला माझा. दोन्ही उघडून दाखवले. शिकवायला गेलो नाही, गोड बोललो. विक्रेते उठून जवळ आले. एकाने पंप हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "हा आधी काहून नाही आणला गा?" केतकी मागे उभी राहून माझ्याकडे बघून मान डोलावत होती. त्या वेळी बाहेर जंगलात कुठलासा प्राणी ओरडला आणि सगळे खिडकीकडे धावले. मी टाकीजवळच थांबलो. वाघ बघायला परत येईन, असं मला खरंच वाटलं होतं.

कामठी

दुसऱ्या दिवशी कारखाना आणि बाजार बघायचा होता. बाजारात धरमपेठेतल्या एका विक्रेत्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की आता घरात एसी लागते आणि कूलर म्हाताऱ्याईच्या खोलीत जाते. केतकीने हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. तिला त्यात संधी दिसली. मला माझे वडील दिसले.

कारखाना कामठी रस्त्यावर आहे. लांबच लांब पत्र्याच्या शेड, त्यात अर्धे दिवे बंद. मागच्या मोकळ्या पटांगणात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, रुंद वळणं घेत गेटपर्यंत गेलेल्या. मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "गाड्या लावासाठी." एवढ्या गाड्या कुणाच्या, हे मी विचारलं नाही. हंगाम जोरात येणार म्हणून आखणी केली असेल, अशी माझी मीच समजूत घातली. माणसाला हवं ते दिसतं.

त्या संध्याकाळी गजभिये मला कामठीला घरी जेवायला घेऊन गेले. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, त्यापलीकडे त्यांचं दुमजली घर. बैठकीत भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली मुलींच्या पदव्यांचे फोटो ओळीने. वहिनींनी वडा-भात केला होता. वाफाळता भात, त्यावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची तेलाची कडकडीत फोडणी. आमच्याकडे भातावर तूप वाढतात आणि तेवढ्यावर स्वतःला सुखी समजतात. मी पोट तट्ट होईपर्यंत जेवलो.

जेवल्यावर गजभिये म्हणाले, "चला, तुमचं लेकरू दाखवतो."

मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं होतं आणि त्यात माझा पंप चालू होता. उन्हाळ्यात मी त्यांना एक नमुना तपासायला पाठवला होता, तो. मला वाटलं होतं त्यांनी दोन-चार दिवस चालवून ठेवून दिला असेल. तो तेव्हापासून चालूच होता. टाक्याच्या कडेवर क्षाराचा पांढरा थर बोटभर चढलेला, आणि मधोमध पाण्याची धार सरळ वर येत होती.

"एकदाही बंद नाही पडला?"

"लाईट गेली तेव्हाच," वहिनी म्हणाल्या. "आधी त्याच्या आवाजानं मले झोप येत नव्हती. आता लाईट गेली अन् आवाज थांबला का जाग येते."

"दोनदा ब्रश मारला, बस," गजभिये म्हणाले. "मी भाऊले सांगितलं, अशी चीज मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. नवीन मॉडेल यानंच चालते पाहा."

मी टाक्यात हात घालून धार तळव्यावर घेतली. पाणी बर्फासारखं गार होतं. मी हात काढेना म्हणून गजभिये घाबरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्या दोघांना दाखवायचं नव्हतं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं की आपण वाचलो.

पुन्हा धरमपेठ

शेवटच्या दिवशी धरमपेठेतल्या हॉलमध्ये समारोप होता. सल्लागारांनी पडद्यावर कंपनीचं पाच वर्षांचं धोरण दाखवलं. टप्पे, बाण, वर चढत गेलेली रेघ. पहिल्या टप्प्यात लिहिलं होतं, 'क्षार न धरणारा पंप'. मग बक्षिसं झाली. माझं नाव पहिलं आलं. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला, आणि केतकीने शील्ड हातात ठेवली. टाळ्या वाजत होत्या. गजभिये उभे राहून वाजवत होते.

मी तसाच शाल पांघरून बाहेर आलो आणि सुनंदाला फोन लावला. "पहिला नंबर आला," मी म्हणालो. तिकडून ती कुणाला तरी ओरडून सांगत होती ते ऐकू आलं, आणि फोन कट झाला.

मग मी भाऊंना गाठायला गेलो. माल कधीपासून लागेल, तार आत्ताच भरायला हवी, एवढंच विचारायचं होतं. ते जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "आधी जेवून घ्या जी." माझ्या हातात ताट दिलं, स्वतः पाटवडी वाढली, रस्सा वाढला, आणि मला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन बसले. माझे दोन घास होईपर्यंत थांबले.

"जाधवजी, कूलर आता आम्ही बंद करून राहिलो."

मला वाटलं ते एखाद्या मॉडेलबद्दल बोलतायत.

"सगळेच," ते म्हणाले. "शेड गोदामासाठी देऊन टाकले. मोठी कंपनी आहे, ऑनलाइनवाली. पाडव्यापासून त्याईच्या ताब्यात. कंटेनर फिरले पाहिजे म्हणून त्याईनंच त्या रेघा मारून घेतल्या."

"कधी ठरलं हे?"

"दिवाळीच्या आधीच."

मी हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, "मग हे तीन दिवस काय होतं भाऊ?"

त्यांना या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. "सगळ्याईले फोन होऊन गेले होते ना. सल्लागाराची तारीख घेतली होती, रिसॉर्ट घेतलं होतं, शील्डा बनून आल्या होत्या. लोक हो म्हणून बसले. आता तुम्ही येऊ नका म्हणून सांगणं बरं दिसते का? बलावलेल्या माणसाले दारातून वापस पाठवणं आमच्याकडे होत नाही."

"आणि केतकी?"

ते पहिल्यांदाच खाली बघायला लागले. "तिनं एवढी मेहनत केली. तिले उद्या सांगीन. आज पाहुणे आहेत."

मी भांडलो का, असं मला इथे विचारतात. नाही भांडलो. साताऱ्यात असतो तर ताट सरकवून उठलो असतो. पण तो माणूस माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवत होता. त्याच्या मनात कपट असतं तर मला सोपं गेलं असतं. मी एवढंच म्हणालो की मग मला पहिला नंबर तरी देऊ नये. त्यावर ते म्हणाले, "पंप चांगलाच आहे ना जी. त्यात खोटं काही नाही."

हात धुऊन बाहेर पडताना हॉलमध्ये केतकी एकटीच होती. भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या एकेक करून, न फाडता काढून पाकिटात ठेवत होती. मला बघून म्हणाली, "काका, मार्चमध्ये ट्रायल घेऊ. तुम्ही पंचवीस-तीस नग तयार ठेवा फक्त." मला सांगून टाकायला हवं होतं. मी "ठेवतो" म्हणालो. तीन दिवसांत मीही तिथला झालो होतो.

स्टेशनवर गजभियेंनी सामान आत चढवलं. त्यांना कळलं होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना आणि मी विचारलं नाही. गाडी सुटल्यावर त्यांनी हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

सातारा

सुनंदाला पुन्हा फोन करायला हवा होता. मी फोन बंद करून ठेवला. रात्रभर वाक्यं जुळवत होतो आणि एकही उभं राहत नव्हतं.

वर्कशॉपच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आमच्या लोकांना पहिला नंबर म्हणजे काम मिळालं, एवढंच कळतं. मलाही तसंच कळलं होतं, त्यांना काय बोलणार. सुनंदाने पेढे वाटले होते. सुट्टीचा दिवस असून बायका कामावर आल्या होत्या आणि आपल्या मनाने नव्या पंपाच्या कॉइल गुंडाळायला बसल्या होत्या. टेबलाच्या कडेला तयार कॉइलची रांग लागलेली. मी आत आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताई, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, आधीच सुरुवात केलीय. मागनं घाई नको."

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि सांगितलं. सगळंच सांगितलं. कूलर बंद, शेड गोदामाला, पंप कोणी घेणार नाही, आणि पाडव्यानंतर मी कुणालाच पगार देऊ शकणार नाही. सुनंदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

कोणी रडलं नाही. कोणी चिडलंही नाही. शोभाताईंनी विचारलं, "मग पहिला नंबर कशाला दिला?"

"पंप चांगला आहे म्हणून," मी म्हणालो.

शोभाताईंनी खाली वाकून मशीनचा दांडा पुन्हा धरला. आमच्याकडे कॉइल अर्धी सोडत नाहीत, तार सैल पडते. त्यांनी उरलेले वेढे नेहमीच्या चालीने पुरे केले, तार कापली, टोक चिकटवलं आणि ती कॉइल रांगेत शेवटी नेऊन ठेवली. बाकीच्या बायकांनीही हातातली पुरी केली. दुसरी कोणी लावली नाही.